जाम ब्रेक घसरत नाही

भांडुप (पश्चिम)
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय भाऊ,

नमस्कार आणि जयभीम.

दिवाळीचं पत्र यंदा राहिलंच. फोन करावा तर तू तिकडे 'हॅलो हॅलो' करत बसतोस, मी इकडे बोंबलत राहतो, आणि शेवटी जयावहिनी फोन घेऊन म्हणतात, "भाऊजी, यांना काही ऐकू येत नाही, पत्र टाका." तीस वर्षं प्रेसशेजारी उभा राहिलास, कान शाबूत राहणार तरी कसे! मी ड्रॉइंग ऑफिसच्या काचेआड बसलो म्हणून माझे वाचले. ट्रॉम्बेचं वर्कशॉप सुटून बारा वर्षं झाली, पण तुझ्याशी ओरडून बोलायची सवय काही सुटली नाही. म्हणून पोस्टाचीच गाडी बरी.

गाडीवरून आठवलं. तू पसंत करून दिलेली ती पांढरी गाडी अजून आहे. मध्यंतरी पुन्हा पासिंग करून घेतलं, त्यामुळे कागदोपत्री ती तरुणच आहे. तर तिचा हँडब्रेक जाम झालाय. लीव्हर खाली पडतो, पण मागची चाकं सुटत नाहीत. चार माणसं लावून पाहिली, तसूभर हलली नाही. सध्या गेटजवळ तशीच उभी आहे आणि येणारा-जाणारा सल्ला देऊन जातो.

त्याचं असं झालं की सोसायटीने रंगकाम काढलंय. बिल्डिंगभोवती परांची बांधली, त्यामुळे आमच्या गाड्या नेहमीच्या सपाट जागेवरून उठवून गेटकडच्या उतारावर लावाव्या लागल्या. त्यात एक बारीकसा प्रसंग घडला, ते सविस्तर पुन्हा कधीतरी. तेव्हापासून हा ब्रेक असा रुसलाय.

गॅरेजवाल्याला बोलवायचं माझ्या मनात नाही. ते लोक राईचा पर्वत करतात. घरच्या घरी सुटेल असा काही उपाय असला तर लिही. आपला प्रबुद्ध सध्या इथे नाही, नाहीतर त्यालाच चाकं काढायला लावली असती.

जानकी बरी आहे. तुझी आठवण काढते.

तुझा,
श्यामसुंदर

*

मूर्तिजापूर
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय श्याम,

जयभीम. तुझं पत्र मिळालं.

गाडी न बघता दुरुस्ती सांगणं म्हणजे पाण्यातल्या म्हशीचं मोल करणं. तरी तू खुणा बरोबर लिहिल्या आहेस. लीव्हर सैल पडतो आणि चाक सुटत नाही, याचा अर्थ लीव्हर चांगला आहे. त्याच्यापासून मागच्या चाकांपर्यंत जी तार जाते, ती नळीच्या आत गंजली आहे. ओढली की पुढे येते, सोडली की मागे जात नाही. ब्रेक लागलेलाच राहतो.

हे का झालं तेही सांगतो. तुमच्या सोसायटीत जागेच्या टंचाईपायी एक रीत आहे. गाड्या एकामागे एक लावायच्या, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक खाली, म्हणजे पुढच्याची गाडी काढायला वॉचमनला तुमची ढकलता येते. मी तुझ्याकडे यायचो तेव्हा बघायचो ना. सतरा वर्षं तू तो ब्रेक ओढलाच नाहीस. न वापरलेली वस्तू गंजते, माणसाचं शरीर असो की तार. एकदा ओढलीस आणि अडकली.

आता उपाय. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लाव, ते विसरू नकोस. मागची बाजू जॅकवर घे, खाली स्टँड दे, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नकोस. चाकं काढ. तार ज्या ठिकाणी नळीतून बाहेर येते तिथे गंज सोडवायचा स्प्रे मार आणि दिवसभर तसंच राहू दे. मग चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमच्या कडेने हलक्या हातोडीने टिचक्या दे, आणि मागच्या पत्र्यावर तार जिथे अडकते तो छोटा दांडा हाताने मागे ढकल. सुटला तर ड्रम निघेल. पण तार नवीन टाकावी लागेलच. गंजलेली तार सोडवून परत वापरणं म्हणजे पुन्हा कोणाचा तरी जीव टांगणीला.

दोन गोष्टी कळव. ब्रेक जाम झाला तो कधी? आणि दोन्ही चाकं जाम आहेत की एकच?

तिसरी गोष्ट गाडीची नाही. प्रबुद्ध इथे नाही असं तू लिहितोस. मग तो कुठे आहे? जयाला त्याचा फोन आला होता, घाटकोपरला सासुरवाडीत, संघमित्राच्या आईकडे आहे म्हणाला, आणि घाईने ठेवला. दिवाळी संपली, आता सुट्टी कसली? माझ्या बहिणीमागे त्याला मीच वाढवला आणि माझ्या शब्दावर तू त्याला कामाला ठेवलंस. म्हणून विचारतो.

भाऊराव

*

भांडुप (पश्चिम)
६ डिसेंबर २०२४

प्रिय भाऊ,

आज सहा डिसेंबर. दर वर्षी या दिवशी प्रबुद्ध पहाटेच दादरला जायचा आणि गेटवर मी बसायचो. आज गेटवर एक नवा माणूस आहे.

तू विचारलंस ते आधी सांगतो, नाहीतर मन खात राहील. प्रबुद्धला सोसायटीने कामावरून काढलं.

पहिल्या पत्रात मी 'बारीकसा प्रसंग' लिहिलं होतं. तो बारीक नव्हता. १२ नोव्हेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमाराला पाण्याचा टँकर आला. माझी गाडी उतारावर गेटकडे तोंड करून उभी होती. ती एकाएकी सुटली, चाळीसेक फूट घरंगळत गेली आणि गेटच्या खांबाला लागली. मध्ये आमच्या तळमजल्यावरच्या कुंदाताई होत्या, त्या निवृत्त शिक्षिका, तुला आठवत असतील. गेटवर भाजी घेत होत्या. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चार पावलं टाकतात.

पाहणी केली तेव्हा हँडब्रेक वर होता आणि गिअर न्यूट्रलमध्ये. किल्ल्या सगळ्यांच्याच वॉचमनच्या खोलीत खिळ्यांवर असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या देवव्रतने गॅलरीतून पाहिलं, प्रबुद्धचे दोन्ही हात डिकीवर होते. झालं, कमिटीने ठरवलं की टँकरला जागा करायला त्याने गिअर काढला आणि गाडी ढकलली. दिवसभर तो गाड्याच ढकलत असतो, दुसरं कोणाच्या डोक्यात येणार तरी कसं? त्याला विचारलं तर "मी ढकलली नाही" एवढंच म्हणाला. त्यापुढे तोंड उघडेना.

कुंदाताईंचा मुलगा पोलिसात जायला निघाला होता. वॉचमन उद्यापासून दिसता कामा नये, या अटीवर थांबला. दोन दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलं. मी सेक्रेटरी, तेव्हा पत्रावर सही माझी आहे. तुझ्या भाच्याला असं घालवताना मला काय वाटलं ते मलाच ठाऊक.

आता माझ्या डोक्यात एक मार्ग आहे. तू वर्कशॉपचा फोरमन होतास, तुझ्या शब्दाला वजन आहे. तू एका कागदावर लिहून दे की एवढ्या जुन्या गाडीचा हँडब्रेक थकलेला असतो आणि ओढलेला असला तरी आपोआप घसरू शकतो. न्यूट्रल मीच जुन्या सवयीने ठेवला असेल, हे मी कमिटीला सांगतो. म्हणजे दोष गाडीवर जाईल, प्रबुद्धवरचा ठपका पुसला जाईल आणि त्याला परत घ्यायला मी कमिटीला भाग पाडतो. कोणाचंच वाईट नाही. माणसापेक्षा लोखंडावर गेलेलं बरं, नाही का?

तुझ्या उपायाने डावं चाक सुटलं. उजवं अजून दाद देत नाही. ब्रेक जाम झाला तो त्याच दिवशी. गाडी खांबाला लागल्यावर तिला बाजूला घ्यायला गेलो तर मागची दोन्ही चाकं जागची हलेनात.

पत्र लवकर पाठव. कमिटीची बैठक महिनाअखेरीला आहे.

तुझा,
श्यामसुंदर

*

मूर्तिजापूर
१५ डिसेंबर २०२४

श्याम,

तू मागितलेला कागद मी लिहायला घेतला होता. दोन दिवस समोर घेऊन बसलो. जया म्हणाली, "लिहा की, पोराचं घर परत मिळेल. तुमच्या चार ओळींनी काय होतंय?" तिचं चुकलं नाही. भाच्यासाठी चार ओळी खोट्या लिहिणं मला जड नव्हतं. पण उभ्या आयुष्यात मी न तपासलेल्या जॉबवर पास लिहिलं नाही, हे तुला माहीत आहे. तूच ड्रॉइंग घेऊन यायचास आणि मी परत पाठवायचो.

कागद लिहिताना तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. तेव्हा लक्षात आलं की ती एकमेकांशी जुळत नाहीत.

सैल ब्रेक घसरतो. जाम ब्रेक घसरत नाही. हे दोन्ही आजार एका गाडीला एकाच सकाळी होत नाहीत. साडेनऊला जो ब्रेक घसरण्याइतका थकलेला होता, तो थोड्याच वेळात चार माणसांना हलेना इतका घट्ट कसा झाला?

बरं, धरून चालू की गाडी सुटायच्या आधीच तो ओढलेला होता. मग मागची दोन्ही चाकं तेव्हाच जाम असायला हवीत. तशी गाडी उतारावर हललीच नसती. समज, कशाने तरी हललीच, तर चाकं न फिरता घासत गेली असती आणि तुमच्या फरशीवर चाळीस फूट दोन काळे पट्टे उमटले असते. तू लिहिलंस, घरंगळत गेली. तू ड्रॉइंग ऑफिसचा माणूस आहेस, शब्द मापून वापरतोस. घरंगळतं ते चाक, जे फिरतं.

म्हणजे गाडी निघाली तेव्हा ब्रेक खाली होता. ती खांबाला लागून थांबली, आणि त्यानंतर कोणीतरी दार उघडून तो वर ओढला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणून तो तिथेच अडकला.

कोणी ओढला, श्याम?

उजवं चाक सोडवायची घाई करू नकोस. ते आहे तसं राहू दे.

भाऊराव

*

मूर्तिजापूर
१२ जानेवारी २०२५

श्याम,

महिना होत आला, तुझं उत्तर नाही. पोस्ट हरवली असं मी स्वतःला आठ दिवस सांगितलं. मग ते सांगणं सोडलं.

प्रबुद्ध येऊन गेला. एक जानेवारीला भीमा कोरेगावला गेला होता, तिथून तसाच इकडे आला. चार दिवस राहिला. अंगणातलं लाकूड फोडलं, जयाची शिलाई मशीन दुरुस्त करून दिली, आणि कामाचा विषय निघाला की उठून जायचा. शेवटच्या दिवशी मी त्याला समोर बसवलं. त्याला उत्तरं पाटीवर लिहायची गरज पडली नाही, माझ्याशी तो मोठ्याने बोलतो.

मी विचारलं, ब्रेक कोणी ओढला?

"मामा, सोडा ना. झालं ते झालं."

मी म्हटलं, मला नाव हवं आहे.

मग म्हणाला, "साहेबांनी. मी ताईंना उचलत होतो. काचेतून दिसलं. साहेबांनी पण माझ्याकडे बघितलं."

"मग मीटिंगमध्ये का बोलला नाहीस?"

"बोलून काय होणार होतं? सेक्रेटरी ते. कागद त्यांच्या हातात, सही त्यांची. मी वॉचमन. माझं कोण खरं मानणार? उलट बोलले असते, बघा, स्वतःचं पाप म्हाताऱ्या माणसावर टाकतोय. पोलीस आले असते ना, तर आत मीच गेलो असतो."

त्याने मला हात दाखवले. दोन महिने होऊनही उजव्या हाताची तीन नखं काळी आहेत आणि बोटांच्या पेरांवर आतून सोलल्याचे वण आहेत. तू पाहिलेस का ते हात? ढकलणाऱ्याची बोटं सोलत नाहीत, श्याम. तो सपाट तळवा टेकवतो. डिकीच्या कडेत बोटं अडकवून जो गाडी मागे खेचत होता आणि तिच्यामागे फरफटत गेला, त्याची सोलतात. कमिटीने निदान हात बघायचे होते. पण वॉचमनचे हात गाडीला लागलेले दिसले म्हणजे तो ढकलणारच, एवढं तुमचं सगळ्यांचं ठरलेलं.

पहिल्या पत्रात तू त्याला 'आपला प्रबुद्ध' लिहिलं होतंस. त्याच्याकडून चाकं काढून घ्यायची होती म्हणून. दुसऱ्या पत्रात, त्याला घालवल्याचं लिहिताना, तो 'तुझा भाचा' झाला. मला ऐकू येत नाही म्हणून मी वाचतो, आणि नीट वाचतो.

मला राग आलाय. चाळीस वर्षांत तुझा इतका राग कधी आला नव्हता. ब्रेक ओढलास त्याचा नाही, घाबरलेला माणूस काहीही करतो. तू मला हाताशी धरून त्या खोट्यावर शिक्का मारून घेणार होतास, आणि वर ते माझ्या पोराच्या भल्याचं म्हणून मला विकत होतास, त्याचा.

ब्रेकबद्दल आता मला काही विचारू नकोस.

भाऊराव

*

भांडुप (पश्चिम)
४ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

तुझं पत्र जानकीने फोडलं. वाचलं, घडी घातली, आणि जेवणाच्या ताटाशेजारी आणून ठेवलं. "हे खरं आहे का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर ती आत निघून गेली. त्या दिवशी आमच्या घरात दोघंही जेवलो नाही.

मीच ओढला. आता सगळं सरळ लिहितो, मापून काही लिहीत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी बँकेतून आलो आणि गाडी उतारावर लावली. पुढचं चाक एका पेव्हर ब्लॉकला टेकलं, गाडी थांबली, मी उतरलो. गिअर न्यूट्रल, ब्रेक खाली, सतरा वर्षांची सवय. मनात एकदाही आलं नाही की ही जागा सपाट नाही. तो ब्लॉक कोणी ठेवला होता माहीत आहे? प्रबुद्धने. परांची बांधली त्या दिवसापासून उतारावरच्या प्रत्येक गाडीपुढे तो एकेक ब्लॉक ठेवायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रात्रभर माझी गाडी त्याच्या त्या ब्लॉकवर उभी होती. सकाळी टँकरवाल्याने पाइप ओढला, तो ब्लॉकमध्ये अडकला आणि ब्लॉक निघाला.

मी जिन्यातून उतरत होतो. आवाज झाला, धावलो. ताई खाली पडल्या होत्या, प्रबुद्ध त्यांच्याजवळ वाकलेला होता. आणि मी, भाऊ, ताईंकडे गेलो नाही. गाडीकडे गेलो. दार उघडलं आणि ब्रेक वर ओढला. विचार करून केलं असं शपथेवर सांगवत नाही, पण हात गेला खरा. मान वर केली तर प्रबुद्ध बघत होता.

मग चेअरमन आले, म्हणाले, "काका, ब्रेक लावला होता ना?" मी म्हटलं, "बघा ना, वरच आहे." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्या एका वाक्यावर मी अडीच महिने काढले. मुकुल केव्हाचा मागे लागलाय की बाबा, बहात्तरी झाली, गाडी सोडा. कबूल केलं असतं तर तो बरोबर ठरला असता आणि मी ताईंना अपंग करणारा ठरलो असतो. एवढ्यासाठी एक माणूस रस्त्यावर घातला. वाटायचं, प्रबुद्ध बोलेल आणि मग मला कबूल करावंच लागेल. तो बोलला नाही, आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण हायसंच वाटलं होतं.

आधी कुंदाताईंकडे गेलो. त्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "श्याम, मी त्या माणसाला रोज शिव्या दिल्यात रे. ऑपरेशनला आत नेत होते ना, तेव्हा पण त्यालाच देत होते. आता त्या परत कशा घेऊ?" मग त्या म्हणाल्या, "जानकीला पाठवत जा. तू येऊ नकोस." मी त्यांच्या मुलालाही सांगितलं की पोलिसात जायचं तर माझं नाव घेऊन जा. त्याने दार लावून घेतलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला सगळी सोसायटी खाली असते. चहा सुरू व्हायच्या आत मी बोललो. सगळं सांगितलं. तुला वाटेल लोक चिडले असतील. तसं झालं असतं तर बरं होतं. देवव्रत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, जाऊ द्या ना यार. तुमच्या वयात होतं असं. आणि नवीन वॉचमन चांगलाय." एकीने विचारलं, गरम आहे तोवर जिलेबी वाटायची का. मी त्यांना म्हटलं, ठराव होईपर्यंत मी इथून हलणार नाही. मग कंटाळून झाला एकदाचा ठराव. प्रबुद्धला काढल्याचं पत्र रद्द, त्याला सन्मानाने परत बोलवावं. मी सेक्रेटरीपद सोडलं.

परवा रविवारी ते पत्र घेऊन घाटकोपरला गेलो. दारात संघमित्रा होती. म्हणाली, "खोली खाली करा सांगायला पण तुम्हीच आला होता ना?" मी हो म्हटलं. तिने आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही. प्रबुद्धने पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं, आणि तिच्याकडे दिलं. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "यात लिहिलंय, 'गैरसमजातून चूक झाली'. कोणाची ते कुठे लिहिलंय?"

भाऊ, तो मजकूर मीच केला होता. एवढं सगळं सांगून झाल्यावरही माझ्या हाताने कागदावर मला वाचवलंच होतं.

तिथेच उभ्याने खाली लिहिलं. 'हँडब्रेक मी लावला नव्हता. अपघातानंतर ओढला आणि गप्प बसलो. चूक माझी आहे. प्रबुद्ध यांनी गाडी ढकलली नाही, जिवावर उदार होऊन धरली.' सही केली, तारीख घातली. संघमित्राने मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे आतल्या खोलीत तिच्या आईलाही ऐकू जावं.

मी विचारलं, कधी येतोस? प्रबुद्ध म्हणाला, "मी येणार नाही, साहेब. तिथल्या प्रत्येक गॅलरीकडे बघताना मला वाटणार, कोण बघतंय. पण हा कागद द्या. नवीन ठिकाणी विचारतात, आधीचं काम का सुटलं. अडीच महिने मला उत्तरच देता येत नव्हतं."

कागद देऊन आलो. गाडी मुकुलच्या माणसाने उचलून नेली, परत आणायची नाही असं सांगितलंय.

तुझ्याकडे काय मागू, ते कळत नाही. आपली मैत्री उरली आहे का, एवढंच लिही. नसली तरी तसं लिही.

श्यामसुंदर

*

मूर्तिजापूर
९ मार्च २०२५

श्याम,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर द्यायला मुद्दाम उशीर केला, हे लपवत नाही. दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा कागद फाडला.

तू सांगितलंस ते बरं केलंस. उशिरा केलंस. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

प्रबुद्धला पवईला काम लागलं, ऑफिसांच्या एका मोठ्या इमारतीच्या गेटवर. तिथे गाड्या ढकलाव्या लागत नाहीत म्हणून खूश आहे. राहायची सोय नाही, घाटकोपरहूनच जातो-येतो. मुलाखतीला तिथल्या सुपरवायझरने तेच विचारलं, आधीचं का सुटलं. याने तुझा कागद पुढे केला. त्या माणसाने खालची ओळ वाचली, सही वाचली, आणि विचारलं, "कोण आहेत हे श्यामसुंदर?"

प्रबुद्ध म्हणाला, "माझ्या मामांचे मित्र."

त्याने हे जयाला फोनवर सहज सांगितलं. तिने मला पाटीवर लिहून दाखवलं. मी पाटी घेऊन अंगणात गेलो आणि रडलो.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर त्याने देऊन टाकलं आहे. माझ्या तोंडून ते अजून येत नाही. जया म्हणते, वेळ लागेल. मलाही तसंच वाटतं.

भाऊराव